काढाल, पण लावाल का?
(जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डाचा एक पाठ)



दौलतगंजातल्या एका जुन्या वाड्यात, जिथे एके काळी घोडे बांधत त्या पागेत, लाल रंगाची एक दोन आसनी मोटार बरीच वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या सगळ्या मुलांना ती माहीत होती. चेंडू आत गेला की आधी ताडपत्रीचा धप्प असा आवाज येई आणि पाठोपाठ आजोबांचा. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्या गाडीचा डॅशबोर्ड उघडून पुन्हा जोडण्याचे काम आम्ही तीन पालकांनी आणि नववी-दहावीच्या पाच मुलामुलींनी मिळून केले. त्यात जे शिकलो ते क्रमाने लिहून ठेवावे असे ठरले. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांना त्याचा उपयोग होईल. ज्यांना करायचे नाही त्यांना निदान विज्ञानाच्या पुस्तकातले दोन-तीन धडे प्रत्यक्षात कुठे राहतात ते कळेल.

गाडी कोणती?

गाडी १९६५ सालची एम.जी.बी. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरातल्या मोटारविक्रीच्या दुकानाचे नाव. पुढे या गाड्या जवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यात बनू लागल्या. एम.जी.बी. हे मॉडेल १९६२ मध्ये आले आणि १९८० पर्यंत बनत राहिले. त्याच वर्षी ॲबिंग्डनचा कारखानाही बंद झाला. एकूण पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. इंजिन चार सिलिंडरचे, १७९८ सी.सी. चे. आज आपल्या रस्त्यांवर जी एम.जी. हेक्टर दिसते ती २०१९ पासून गुजरातेत हालोलला बनते. बिल्ला तोच अष्टकोनी, पण आतल्या यंत्राचे एकमेकांशी काही नाते नाही.

त्या काळी परदेशी मोटार सरळ मागवणे सामान्य माणसाला जवळजवळ अशक्यच होते. दिल्लीच्या वकिलातींतली मंडळी मायदेशी परतताना आपल्या गाड्या विकून जात. त्यातलीच ही एक, दोन-तीन हातांतून फिरून आजोबांकडे आलेली.

ती बंद का पडली, हे या पाठाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. काही वर्षांपूर्वी गाडीत टेपरेकॉर्डर बसवून घ्यायला ती एका ठिकाणी दिली होती. तिथल्या मुलाला डॅशबोर्डामागे एक बारीक नळी आडवी आली. जुनी, बिनकामाची तार समजून त्याने ती पकडीने कापून टाकली. ती इंजिनाचे तापमान दाखवणाऱ्या मीटरची नळी होती. काटा खाली पडला तो पडलाच. आजोबा म्हणाले, एक काटा नाही तर काय बिघडते? पुढे मे महिन्यात शिवपुरीच्या रस्त्यावर, मोहन्याच्या पुढे, रेडिएटरचा पाइप फुटून पाणी गळू लागले. काटा चालू असता तर वेळेवर कळले असते. वाफ दिसेपर्यंत इंजिनाचे हेड वाकडे झाले होते. गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आली.

इंजिन नंतर दुरुस्त करून घेतले, पण डॅशबोर्डाला हात लावायला आजोबांनी कोणालाही परवानगी दिली नाही. तेवढ्या काळात उंदरांनी आतल्या तारा कुरतडल्या. आता नुसता एक मीटर बदलून भागणार नव्हते. सगळे मीटर आणि भोवतालची सजावट काढून, तारा दुरुस्त करून, पुन्हा जसेच्या तसे लावायला हवे होते. आम्ही परवानगी मागायला गेलो तेव्हा आजोबा म्हणाले, "काढाल हो तुम्ही! काढायला काय, कोणीही काढतं. लावाल का?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून तो प्रश्नच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून काढला आणि कामाला लागलो.

१. हत्यारांच्या आधी वही

पहिला दिवस एकही स्क्रू न काढता गेला. मुलांना हे मुळीच आवडले नाही. पण समोरून, खालून, दोन्ही बाजूंनी फोटो काढले. डॅशबोर्डाचे पूर्ण पानभर चित्र काढून प्रत्येक मीटर, बटण आणि दिवा यांना क्रमांक दिला. कागदी टेपच्या चिठ्ठ्या तयार केल्या. स्क्रू ठेवायला मिठाईच्या रिकाम्या डब्यांत पुठ्ठ्याचे कप्पे केले आणि कप्प्यांवर तेच क्रमांक घातले.

नियम तीनच ठरवले. एक, चिठ्ठी लावल्याशिवाय तार सोडवायची नाही. दोन, जो स्क्रू जिथून निघाला त्याच क्रमांकाच्या कप्प्यात जाईल. तीन, ज्या तारेची किंवा नळीची दोन्ही टोके डोळ्यांनी पाहिलेली नाहीत, ती कापायची नाही.

हत्यारे फार लागत नाहीत. लहान-मोठे पेचकस (पुण्याच्या पाहुण्यांसाठी : स्क्रू ड्रायव्हर), पक्कड, इंची पान्यांचा संच, बॅटरीचा टॉर्च, छोटा आरसा, जुनी चादर. पाने इंचीच हवेत, कारण या गाडीचे नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे नाहीत. 'जवळपास बसतो' असा पाना वापरला की नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो कशानेच निघत नाही.

२. बॅटरी आधी सोडवावी, आणि तीही योग्य क्रमाने

डॅशबोर्डामागे हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवलीच पाहिजे. या गाडीत आसनांच्या मागे झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत आहेत, म्हणजे एकूण बारा व्होल्ट.

इथे मुलांना पहिले आश्चर्य भेटले. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेले असते. एम.जी.बी. मध्ये १९६७ पर्यंत धन टोक अंगाला जोडत. म्हणजे नेहमीच्या सवयीने बॅटरी उलटी जोडली तर काही मीटर क्षणात जळू शकतात. आम्ही बॅटरीच्या झाकणावर 'धन टोक अंगाला' अशी ठळक चिठ्ठी चिकटवली.

टोक कोणतेही असो, जी तार गाडीच्या अंगाला जोडलेली आहे तीच आधी सोडवावी. कारण सोपे आहे. दुसरे टोक आधी सोडवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला, तर पान्यातूनच मंडल पूर्ण होते आणि मोठी ठिणगी उडते. अंगाची तार सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, कारण ती दोन्ही आधीच जोडलेली आहेत. जोडताना क्रम उलटा : अंगाची तार सर्वांत शेवटी.

३. सजावट : घाई केली की तुटते

मीटरांपर्यंत पोचण्यापूर्वी भोवतालचे रेग्झीनचे अस्तर, मधला स्पीकरचा भाग, पायांजवळचे पुठ्ठ्याचे पडदे आणि क्रोमच्या पट्ट्या काढाव्या लागतात. इथले बरेच स्क्रू वाटीसारख्या चकचकीत वायसरमधून गेलेले असतात. स्क्रू काढला की ही वाटी टपकन खाली पडते आणि आसनाखाली नाहीशी होते. म्हणून खाली चादर अंथरावी.

दाबून बसवलेली पट्टी पेचकसाने उचकटू नये. रंगावर कायमचा ओरखडा उठतो. लाकडी पट्टीचे टोक घासून पातळ करावे आणि ते खिळीच्या अगदी जवळ सरकवून थोडे थोडे उचलावे. एकाच टोकाला जोर दिला तर पट्टी वाकते आणि वाकलेली क्रोमची पट्टी पुन्हा सरळ दिसत नाही.

हवामानाचाही विचार करावा. आपल्याकडे मे महिन्यात पत्रा हात लावू देत नाही आणि जानेवारीच्या सकाळी जुने प्लास्टिक पापडासारखे मोडते. दिवाळीची दुपार या कामाला उत्तम. तरी एक अस्तर ताठ झाले होते, तेव्हा केस वाळवण्याच्या यंत्राने लांबून ऊब दिली आणि ते नरम पडल्यावर काढले.

ओढायच्या बटणांची मूठ फिरवून निघत नाही म्हणून मुले जोर लावू लागली होती. नीट पाहिले तर मुठीच्या खालच्या अंगाला टाचणीएवढे भोक होते. त्यात बारीक तार घालून आतली खुंटी दाबली की मूठ अलगद हातात येते. जे जोराने निघत नाही, त्याला कुठेतरी कळ असते. हे वाक्य एका मुलीने वहीत आपणहून लिहिले.

४. मीटर जागेवर कसे टिकतात?

समोरून पाहता मीटरला एकही स्क्रू दिसत नाही. तो पुढून भोकात बसवलेला असतो आणि मागून पुलाच्या आकाराची एक पट्टी त्याला डॅशबोर्डाच्या पत्र्यावर ओढून धरते. त्या पट्टीवर खरबरीत कडेचे छोटे गोल नट असतात. ते बोटांनीच फिरवायचे. पक्कड फक्त अडकलेला नट हलवण्यापुरती. लावताना तर पक्कड वापरूच नये, कारण जास्त आवळले तर मीटरचे डबडे वाकते किंवा काच तडकते.

दिवे मीटरच्या पाठीत नुसते दाबून बसवलेले असतात. धारक धरून सरळ ओढावा, तारेला धरून नव्हे.

तारांचे रंग ही या गाड्यांची मोठी सोय आहे. काळी तार म्हणजे गाडीच्या अंगाला जाणारी. तपकिरी बॅटरीकडून सरळ येणारी. पांढरी किल्ली फिरवल्यावर चालू होणारी. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली. लाल बाजूच्या दिव्यांची, निळी मोठ्या दिव्यांची. साठ वर्षांच्या धुळीने सगळ्या सारख्याच दिसत होत्या. ओल्या फडक्याने पुसल्यावर रंग दिसू लागले. तरीही चिठ्ठ्या लावल्याच, कारण मधल्या काळात कोणी कोणत्या रंगाची तार कुठे जोडली असेल याचा भरवसा नसतो.

५. वेगाचा मीटर : न शिवता फिरणारा काटा

स्पीडोमीटरच्या पाठीला गिअरबॉक्सकडून येणारी केबल एका खरबरीत कड्याने जोडलेली असते. कडे हाताने सोडवून केबल सरळ मागे ओढावी. प्रवासाचे मैल शून्यावर आणणारी आणखी एक छोटी केबल असते. तिचा नट डॅशबोर्डाच्या खालच्या कडेला असतो. तो विसरून मीटर ओढला तर ती तुटते.

आत काय आहे? केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला असतो. चुंबक वाटीला शिवत नाही. ॲल्युमिनियमला चुंबक ओढतही नाही. पण चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेने फिरवू पाहतात. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. वेग जितका जास्त, तितकी वाटी पुढे सरकते. या युक्तीचे पेटंट जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये घेतले होते.

म्हणून या मीटरच्या आत तेल सोडू नये. केबलला हलकेसे ग्रीस लावावे, पण मीटरकडचे दोन-तीन इंच कोरडे ठेवावे. नाहीतर ग्रीस केबलबरोबर वर चढून वाटीत जाते आणि काटा थरथरू लागतो.

६. कापता कापता वाचलेला वेढा

आर.पी.एम. मीटर काढताना एक प्रसंग घडला. त्याच्या पाठीमागे एक पांढरी तार येत होती, एक वळसा घेऊन पुन्हा निघून जात होती. ती मीटरला कुठे जोडलेलीही दिसेना. तारा दुरुस्त करणारा मुलगा म्हणाला, "हा फालतू वेढा कोणीतरी नंतर घातलाय. कापून सरळ करू?" पकड त्याच्या हातात होतीच.

वही धरून बसलेल्या मुलीने तिसरा नियम वाचला. मग टॉर्च लावून तार दोन्हीकडे शोधली. एक टोक किल्लीच्या बाजूला जात होते, दुसरे इंजिनाच्या इग्निशन कॉइलकडे. तो फालतू वेढा नव्हता, तीच त्या मीटरची खूण घेण्याची पद्धत होती. कॉइलकडे जाणारा प्रवाह ठिणगीगणिक चालू-बंद होतो. त्या तारेच्या वळशातून मीटरला तो नुसता जवळून कळतो आणि ते स्पंद मोजून मीटर इंजिनाचे फेरे दाखवतो. तार कापली असती तर गाडी सुरूच झाली नसती आणि वेढा उलटा घातला असता तर मीटर चालला नसता. आम्ही वेढ्याचा फोटो काढला, दिशा बाणाने लिहिली आणि चाप सोडवून तार अखंड बाजूला घेतली.

त्या मुलाला कोणी रागावले नाही. आमच्या मनात मात्र एकच विचार आला. तो टेपरेकॉर्डर बसवणारा मुलगाही असाच कोणीतरी असेल. त्याच्या शेजारी वही धरून बसलेले कोणी नव्हते, एवढाच फरक.

७. पेट्रोलचा मीटर : द्विधातू पट्टी

पेट्रोलच्या टाकीत एक तरंगणारा गोळा असतो. तो वर-खाली झाला की विजेचा रोध बदलतो आणि मीटरपर्यंत येणारा प्रवाह कमी-जास्त होतो. मीटरमध्ये दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. प्रवाहाने तार तापते, दोन धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. हा काटा किल्ली फिरवल्यावर सावकाश चढतो तो यामुळेच.

बॅटरीचा दाब कमी-जास्त झाला तर काटा खोटे बोलेल. म्हणून मध्ये एक छोटी डबी असते. ती सरासरी दहा व्होल्टच पुढे सोडते आणि तिच्यातही द्विधातू पट्टीच काम करते. ही डबी गाडीच्या अंगाला घट्ट बसलेली हवी. तिच्याखाली गंज चढला तर दाब नियमित राहत नाही आणि टाकी असते त्यापेक्षा जास्त भरलेली दिसते. डबी काढल्यास पत्रा घासून स्वच्छ करावा आणि मगच परत लावावी.

८. तेल आणि तापमान : सर्वांत नाजूक भाग

आता मुख्य मीटर. एकाच गोलात दोन काटे : एक तेलाचा दाब दाखवणारा, दुसरा इंजिनातल्या पाण्याचे तापमान. दोन्हींत विजेचा काहीही संबंध नाही.

तेलाच्या मीटरमध्ये बूर्दाँ नळी असते. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले. १९०५ साली माधवराव शिंदे यांच्या काळात सुरू झालेल्या आपल्या मेळ्यात फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी मिळते. ती डोळ्यांसमोर आणा. फुंकर मारली की गुंडाळी सरळ होते, सोडली की पुन्हा वळते. बूर्दाँ नळी म्हणजे तीच पिपाणी, पण पितळेची. चपटी, वाकवलेली, एका टोकाला बंद. आत दाब वाढला की ती किंचित सरळ होते आणि तिच्या टोकाला जोडलेले दाते काटा फिरवतात. पंक्चरवाल्याच्या हवेच्या टाकीवर जो मीटर असतो, त्यातही हीच. आपल्या छोट्या गाडीच्या, म्हणजे २०२० मध्ये बंद झालेल्या ग्वाल्हेर-श्योपूर नॅरोगेजच्या वाफेच्या इंजिनांवर ड्रायव्हर बॉयलरचा दाब ज्या मीटरवर पाहत, तोही याच घराण्यातला. रुळांमधले अंतर दोन फूट, मोटारीचा मीटर दोन इंच, पण पिपाणी एकच.

तेलाची नळी सोडवताना जोडावर चामड्याची एक छोटी चकती असते. ती हरवली किंवा चिरली तर इंजिन चालू होताच गरम तेल थेट पायांवर येते. आम्ही नवी चकती चपला शिवणाऱ्या काकांकडून कापून घेतली.

तापमानाचा मीटर खरे तर दाबाचाच मीटर आहे. इंजिनाच्या हेडमध्ये पाण्यात बुडालेली एक पितळी कुपी असते. तिच्यात ईथरसारखा झटकन वाफ होणारा द्रव भरलेला असतो. पाणी तापले की द्रवाच्या वाफेचा दाब वाढतो, तो एका लांब केशनलिकेतून डॅशबोर्डापर्यंत येतो आणि तिथली बूर्दाँ नळी सरळ करतो. कुपी, केशनलिका आणि मीटर ही तिन्ही मिळून एकच बंद वस्तू आहे. मध्ये कुठे जोड नाही. म्हणून ती कापली की द्रव उडून जातो आणि सबंध वस्तू निकामी होते. वायर कापली तर जोडता येते, टेप गुंडाळता येतो. इथे ते चालत नाही. विशेष कारागीर नवी नळी जोडून पुन्हा द्रव भरतात, पण ते घरचे किंवा नाक्यावरचे काम नव्हे.

काढण्याची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे पाणी कुपीच्या पातळीखाली उतरवावे. ते भांड्यात धरावे, मोरीत किंवा अंगणात सोडू नये. त्यात मिसळलेले शीतक गोडसर पण विषारी असते आणि गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात. मग हेडजवळचा पितळी नट सोडवावा. फिरवायचा तो फक्त नट, नळी नव्हे. कुपी अलगद बाहेर आल्यावर नळीला मोठे वेटोळे देऊन, कुठेही काटकोनात न वाकवता, पत्र्यातल्या रबरी भोकातून आत ओढून घ्यावी आणि मीटरसकट काढावी.

दुरुस्त होऊन आलेला मीटर गाडीत बसवण्याआधी आम्ही मुलांकडून तपासून घेतला. चहाच्या पातेल्यात पाणी, त्यात कुपी आणि शेजारी प्रयोगशाळेतला थर्मामीटर. पाणी तापू लागले, काटा हलला आणि स्वयंपाकघरात जो आरडाओरडा झाला त्याने आजोबाही उठून आले. काही बोलले नाहीत. पातेल्याकडे बघत उभे राहिले.

एक सावधगिरी : फार जुन्या, विशेषतः महायुद्धाच्या आसपासच्या मीटरांवर अंधारात चमकणारा रंग असेल तर तो खरवडू नये, उघडूही नये. त्यात रेडियम असू शकते. आमच्या गाडीत तसा रंग नव्हता.

९. लावणे

काढायला दीड दिवस लागला, लावायला चार. क्रम बरोबर उलटा ठेवला. तारांचे कुरतडलेले भाग त्याच रंगाच्या तारेने बदलले. प्रत्येक जोड दोघांनी पाहायचा, एकाने वहीतून वाचायचे आणि दुसऱ्याने बोट लावून दाखवायचे. सजावट लगेच लावली नाही. आधी बॅटरी जोडून सगळे दिवे आणि काटे तपासले. तेलाच्या जोडाखाली कोरडा कागद धरला आणि मगच इंजिन सुरू केले.

तेलाचा काटा चढून साठ पौंडांच्या आसपास थांबला. या इंजिनाला चालताना पन्नास ते ऐंशी पौंड असावा लागतो. कागद कोरडा होता. मग सगळे तापमानाच्या काट्याकडे पाहत बसलो. तो सावकाश उठला, मध्यापर्यंत आला आणि तिथे स्थिर झाला.

आजोबा गाडीत बसले होते. त्यांनी इंजिन बंद केले आणि म्हणाले, "लावलंत."

सगळेच काही जमले नाही. पेट्रोलचा काटा अजून थोडे जास्तच दाखवतो, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर तसे लिहून आजोबांना दिले आहे. आणि सगळे संपल्यावर डब्यात एक वाटीचा वायसर उरला. कप्प्याचा क्रमांक एकवीस होता. चित्रात एकवीस म्हणजे डाव्या पायाजवळचा पडदा. स्क्रू लावला होता, वाटी राहिली होती. वही नसती तर तो वायसर 'उरलाय, चालतंय' म्हणून खिशात गेला असता.

ताडपत्री आजोबांनी मुलांना देऊन टाकली. आता पावसाआधी ती खेळपट्टीवर अंथरतात.

स्वाध्याय

१. या गाडीचा स्पीडोमीटर मैलांत आहे. काटा ६० वर असताना गाडीचा वेग ताशी किती किलोमीटर? (१ मैल = १.६०९ कि.मी.)
२. तेलाचा दाब दर चौरस इंचाला ६० पौंड असेल तर तो दर चौरस सेंटिमीटरला किती किलोग्रॅम? (१ कि.ग्रॅ./चौ.सें.मी. = १४.२२ पौंड/चौ.इंच)
३. घरात किंवा बाजारात द्विधातू पट्टी वापरणाऱ्या दोन वस्तू शोधा.
४. केशनलिका कापली गेल्यावर तापमानाचा काटा खाली का पडतो, वर का जात नाही?
५. पंक्चरच्या दुकानात जाऊन हवेच्या टाकीवरचा मीटर पाहा. परवानगी घेऊन त्याचे चित्र काढा.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

घरात बंद पडलेले गजराचे घड्याळ, स्कूटरचा जुना मीटर, शिलाई यंत्राचा भाग असे काही असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी शाळेत पाठवावे. प्रयोगशाळेत एक टेबल, आठ-दहा हत्यारे आणि एक वही, एवढ्यावर मुलांना दर शनिवारी तासभर उघडण्या-जोडण्याचे काम देता येईल. देखरेखीला आम्ही येऊ. विश्वस्त मंडळाने टेबलाची जागा तेवढी ठरवून द्यावी.

आपल्या मुलांना काढता येते, हे आम्ही पाहिले. खेळणे दोन मिनिटांत सुटे होते. लावता येणे ही मात्र सवय आहे आणि ती कोणीतरी शेजारी वही धरून बसल्याशिवाय लागत नाही. ते बसणे आपण मोठ्यांनी करायचे आहे.